माळा म्हणाचं तरी कशाले?

माळ्याचं एक असतं. सामान ठेवायचंच म्हणून कोणी मुद्दाम वर चढत नाही, तरी तो भरत जातो. मोडकी खुर्ची, आहेरात आलेला तिसरा डिनर सेट, पोराची कॉलेजातली पुस्तकं, सगळं ‘दोन दिवसांसाठी’ वर जातं आणि कायमचं तिथंच राहतं. आमच्या धंद्यातले किस्से असेच साठले आहेत. मी ते जमवायला बसलो नव्हतो. पण तीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढून मंजूर करून आणायचे आणि नागपूरकर माणसाला समोर बसवून ‘तुम्हाला नक्की किती मजले पाहिजेत?’ असं विचारायचं म्हटल्यावर दुसरं काय जमणार?

आमचं ऑफिस रामदासपेठेत, दोन दवाखान्यांच्या मधल्या गल्लीत. दिवसातून चार माणसं आत डोकावून डॉक्टर केव्हा बसतात ते विचारून जातात. आत असतो मी आणि वनिता. वनिता मूळची पारशिवनीची. कॉम्प्युटरवर नकाशे काढते आणि ज्याला जे सांगायचं ते तोंडावर सांगते. नकाशे पास व्हायचे ते ठोंबरे साहेबांकडून. साहेब मंजुरी देणाऱ्या ऑफिसातले इंजिनिअर, रिटायरमेंटला आलेले, सरळ माणूस. खिशात पेन नसेल एकवेळ, पण मोजायचा टेप असणारच. आणि आम्हा तिघांच्या आयुष्यात ज्या एका ओळीनं गोंधळ घातला ती होती नियमांच्या पुस्तकात: ‘माळ्याचं क्षेत्र बांधकामात धरू नये.’

बस, एवढंच. माळा म्हणजे काय, हे सांगायला पुस्तक विसरलं होतं!

*

आता दोन मजल्यांची परवानगी असलेला माणूस तिसरा चढवतो, तर त्याला काय म्हणेल? माळाच म्हणेल ना!

इतवारीतले एक कापडवाले शेठ असाच नकाशा घेऊन आले. खाली हॉल, वर दोन बेडरूम आणि त्याच्यावर ‘माळा’. माळ्याला बाल्कनी होती. ठोंबरे साहेबांनी बाल्कनीवर बोट ठेवलं, तर शेठ म्हणाले की सामानालाही हवा लागते, नाहीतर गाद्यांना वास येतो. साहेबांनी ते ऐकून घेतलं. मग बोट थोडं पुढं सरकलं. तिथं संडास-बाथरूम होतं.

“अन् हे कोणासाठी? गाद्यांसाठी?”

शेठ जराही गडबडले नाहीत. म्हणाले, “साहेब, समजा सामान काढाले माणूस वर गेला, अन् त्याले तिथंच घाई लागली, तं?”

साहेबांनी नकाशाची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

“तं खाली उतर म्हणा त्याले.”

*

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर शालूताईंना नोटीस आली.

शालूताई गजभिये म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या बाई. कळमेश्वर रोडवरच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, त्यांचं घर. यजमान पोस्टात होते. दोघांनी मिळून हळूहळू बांधलेलं दुमजली घर. स्लॅब गळायला लागली तेव्हा यजमानांनी वर लोखंडी अँगल टाकून उतरते पत्रे घातले आणि चारी बाजूंनी विटांची बुटकी भिंत घेतली. त्या पोकळीत जायला एक दार आणि एक जिना. ते काम झालं आणि वर्षभरात ते गेले.

तक्रार केली होती शेजाऱ्यानं. त्याच्या गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायची जागा होती, आणि दुपारी तीननंतर शालूताईंच्या पत्र्याची सावली तिथं पडत होती. नागपुरात ऐन उन्हाळ्यात सावली पडते म्हणून तक्रार करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही!

नोटिशीत लिहिलं होतं की तिसरा मजला अनधिकृत आहे, पावसाळ्यापूर्वी खुलासा करा, नाहीतर पाडण्यात येईल. शालूताईंनी ऑफिसात येऊन ती आम्हाला वाचून दाखवली. आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत होता.

“भाऊ, हा मजला नाही, माळा आहे. यांनी शेवटी केलेलं काम आहे हे. पत्रे काढले तं पुन्हा सारं घर गळते. तुम्हीच सांगा त्याइले.”

मला फार वाईट वाटलं. सांगायला मी तयार होतो. पण माळा म्हणजे काय हे पुस्तकातच नसल्यावर सांगणार काय?

मी ठोंबरे साहेबांना भेटलो. साहेब म्हणाले, व्याख्या ठरली की पहिलं प्रकरण याच बाईंचं काढतो. त्या दिवसापासून दर सोमवारी साडेदहाला ऑफिसात शालूताईंचा फोन यायचा.

“जयभीम भाऊ. झाली का व्याख्या?”

*

नोटिशीला उत्तर तर द्यायलाच हवं होतं. त्यात एक रकाना होता: सदर जागेचा वापर कशासाठी होतो? मी शालूताईंना सांगितलं की ‘अडगळ’ असं लिहा आणि सही करा. एका शब्दाचं काम.

पण शिक्षिकेला एका शब्दाचं उत्तर चालतं होय? त्यांनी फुलस्केपवर रेघा मारून तक्ता केला. पाण्याचे पितळी गुंड चार. गहू ठेवायची कोठी एक. जुने हजेरीपट तीन गठ्ठे. यजमानांची सायकल एक, मागचं चाक नाही. वनितानं तक्ता वाचून छान झालाय म्हणून सांगितलं आणि मीही नीट न बघता जोडून दिला. चूक माझीच.

दोन दिवसांनी ठोंबरे साहेबांचा फोन. आवाजात नाराजी. “तुमच्या बाईंनी बावीस नंबरले काय लिहिलं आहे, पाहिलं का?”

बावीस नंबरला लिहिलं होतं: मांजर एक, पिल्लांसह.

साहेबांचं म्हणणं असं की मांजर तिथं राहतं, म्हणजे जागा राहण्यायोग्य आहे, आणि राहण्यायोग्य आहे तर मजला आहे. मी शालूताईंना फोन लावला, म्हटलं तेवढी एक ओळ खोडून द्या. त्यांनी साफ नकार दिला. चाळीस वर्षं पोरांना खोटं लिहू नका म्हणून शिकवलं, आता मांजरीपायी खोटं लिहू का, असं म्हणाल्या. मग स्वतःच साहेबांच्या ऑफिसात गेल्या आणि तक्त्यावर त्यांच्यासमोर एक टीप जोडून आल्या.

‘मांजर कायम रहिवासी नाही. बाळंतपणाला आलेली आहे.’

साहेबांनी ती टीप मंजूर केली.

*

तरी साहेबांना स्वस्थता नव्हती. त्यांनी आपल्या परीनं व्याख्या शोधायला घेतली आणि एक दिवस जाहीर केलं की प्रश्न जिन्याचा आहे. पक्का जिना असेल तर मजला, काढता-घालता येणारी शिडी असेल तर माळा. आम्हालाही पटलं. वनिता म्हणाली की गावाकडं त्यांच्या माळ्याला शिडीच असते, कांदे काढायचे असले की लावायची.

ही बातमी त्या लेआउटमध्ये कशी पोचली देव जाणे. आठ दिवसांत लोखंडी जिने कापणाऱ्या वेल्डरांना श्वास घ्यायला सवड राहिली नाही. शालूताईंचा जिना मात्र पक्क्या विटांचा होता. तो यजमानांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. शालूताईंनी तो तोडायला नकार दिला.

साहेब पाहणीला निघाले तेव्हा मीही सोबत होतो. पहिलं घर कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या माणसाचं. घाम पुसत त्यानं आम्हाला दाखवलं की बघा, जिना नाही. खरंच नव्हता. भिंतीवर जिन्याच्या पायऱ्यांचे ताजे डाग तेवढे होते. साहेबांनी वही काढली, ‘माळा’ लिहायला सुरुवात केली, तेवढ्यात वरून आवाज आला.

“जावईबापू, मले उतरवाचं कवा? सकाळपासून बसून राहिलो न!”

वरच्या दारातून धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ वाकून खाली बघत होते. गडबडीत जिना कापला, पण सासरे वरच राहिले होते!

साहेबांनी शांतपणे विचारलं, “हे काय आहे?”

सुपरवायझरनं वर पाहिलं, मग साहेबांकडं पाहिलं.

“सामान आहे साहेब. बायकोच्या माहेरचं.”

*

जिन्याची व्याख्या तिथंच बारगळली आणि समिती झाली. तीन माणसांची: ठोंबरे साहेब अध्यक्ष, आमच्या धंद्यातल्या लोकांतर्फे मी, आणि विद्वान म्हणून देव सर. देव सर इंजिनिअरिंग कॉलेजातून रिटायर झालेले. बोलणं शुद्ध, स्वभाव गोड, आणि कुठल्याही प्रश्नाची सुरुवात युरोपातून करायची सवय.

पहिल्याच बैठकीला सर परदेशातल्या कुठल्या तरी गावाची नियमावली घेऊन आले. तिथं म्हणे माळ्यावर चार पानं आहेत. आम्ही कौतुकानं ऐकायला बसलो. शालूताईंचं काम आज होणार, असं मला मनापासून वाटत होतं. सरांनी भाषांतर करत वाचायला सुरुवात केली. छपराचा उतार किती असावा, लाकूड कुठलं असावं, आणि उतार पुरेसा नसल्यास बर्फ साचून माळा कसा खचतो, बर्फाचं वजन कसं काढावं. बर्फावरच पाऊण तास गेला. बाहेर लू चालू होती. खिडकीचे पडदे पाणी मारून ओले केलेले, ते दहा मिनिटांत वाळत होते.

“तर आपल्यालाही बर्फाची तरतूद करावी लागेल,” सर म्हणाले.

ठोंबरे साहेबांनी वही मिटली.

“सर, आपल्या इकडं बर्फ फक्त उसाच्या रसात पडते.”

बैठक तिथं संपली. सगळे रस प्यायला खाली गेलो. सोमवारी फोन आला तेव्हा वनितानंच उचलला आणि सांगितलं की ताई, सध्या बर्फापर्यंत आलो आहोत. शालूताईंनी विचारलं, “कुठला बर्फ वं?” वनितानं फोन माझ्या हातात दिला. पावसाळा महिन्यावर आला होता.

*

आता एक किस्सा असा की जो ठोंबरे साहेब हयात असेपर्यंत मी सांगू नये. पण साहेब ठणठणीत आहेत, आणि मला राहवत नाही.

साहेबांच्या मुलीसाठी एक स्थळ आलं. मुलगा चांगला, बँकेत. घर बघायला साहेब सहकुटुंब निघाले. मुलाचे वडील माझे जुने मित्र, म्हणून मलाही बोलावणं. कांदेपोहे झाले, मुलगी-मुलगा एकमेकांना पसंत असल्याचं दिसत होतं, सगळं छान चाललं होतं. मग मुलाच्या आई उत्साहानं म्हणाल्या, चला, वरचं दाखवते, हे खास सूनबाईसाठी करून घेतलंय.

मी त्या घराचा नकाशा काढला होता. त्यात वर फक्त माळा होता.

वर गुलाबी रंगाची खोली, फॉल्स सीलिंग, एसी, भिंतभर आरसा. साहेब खोलीच्या मधोमध उभे राहिले. सवयीनं हात खिशात गेला आणि टेप बाहेर आला. मग त्यांना आठवलं की आपण पाहुणे आहोत, त्यांनी तो परत ठेवला. माझ्याकडं एकदाच बघितलं. त्यानंतर पंधरा दिवस माझी एकही फाइल त्यांच्या टेबलावरून हलली नाही.

“विहीणबाई,” साहेब म्हणाले, “इथं माणसं राहणार नाहीत असं मी स्वतःच्या सहीनं लिहून देलं आहे. मंग पोरगी कशी देऊ?”

विहीणबाई हुशार. म्हणाल्या, मग आम्ही म्हातारा-म्हातारी वर येतो, पोरांना खालची खोली.

साहेब आणखी हळू आवाजात म्हणाले, “तुम्हीही माणसंच आहा न?”

शेवटी ती खोली रिकामी झाली, एसी निघाला, गव्हाची पोती वर गेली आणि साखरपुडा झाला. पण त्या दिवसापासून साहेबांना व्याख्येची खरी घाई लागली. आपली सही आपल्याच सोयरिकीत आडवी आली हे त्यांना लागलं होतं. त्यांनी समितीला सांगितलं की आता बर्फ नको आणि जिनाही नको. प्रत्यक्ष एका माळ्यावर जाऊन बसायचं, आणि तिथं माणूस राहू शकतो की नाही ते बघून व्याख्या तिथंच लिहायची. माळा कुणाचा? गजभिये बाईंचा. जे ठरेल त्यावर त्यांची नोटीस राहील किंवा जाईल.

*

तारीख मीच सुचवली. नवतपा! मे संपतानाचे ते नऊ दिवस, जेव्हा नागपुरात कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायचा विचार पुढं ढकलतात. वेळ दुपारची. पत्र्याखाली पाच मिनिटं बसले की समिती आपल्या पायांनी खाली येणार, ‘राहण्यायोग्य नाही’ असं लिहिणार आणि बाईंचे पत्रे वाचणार. असा हिशेब मी शालूताईंना नीट समजावून सांगितला. वर पंखा नको, पाणी नको, चटईसुद्धा नको. जितके हाल तितकं चांगलं. त्या हो म्हणाल्या.

आम्ही बाराला पोचलो. साहेब, देव सर, मी आणि टेप धरायला वनिता. शालूताई दारातच म्हणाल्या की जेवल्याशिवाय माळा दाखवणार नाही. वर्गात उशिरा आलेल्या पोराला सांगावं तशा म्हणाल्या, त्यामुळं कोणी वाद घातला नाही. ताटात पाटवड्यांचा रस्सा, पोळी, तळलेल्या कुरडया आणि आंब्याचा रस. साहेबांच्या वाटीत तीनदा रस पडला, देव सरांच्या चारदा. मग सुपारी चघळत मंडळी विटांच्या जिन्यानं वर गेली. मी सगळ्यात मागे होतो.

वर गेलो आणि दारातच थांबलो.

खालच्या खोलीतला कूलर वर आला होता. नागपुरात माळ्यावर कूलर असतो, पण गुंडाळून ठेवलेला असतो. हा चालू होता! त्याला नवीन वाळ्याच्या ताट्या, पत्र्यांना खालून ओली पोती, उतरत्या बाजूला दोन गाद्या, त्यावर धुतलेल्या चादरी, लोड, उशाशी माठ. सगळीकडं वाळ्याचा थंड वास.

मी शालूताईंकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

“भाऊ, सकाळपर्यंत मन घट्ट केलं होतं. पण घरी आलेल्या माणसाले नवतप्यात तापल्या पत्र्याखाली कसं बसवू? यांनी मले कधी माफ नसतं केलं.”

रागवावंसं वाटलं आणि रागवता आलं नाही.

साहेबांनी टेप काढला, मधोमध उंची घेतली, आकडा मला सांगितला. मग म्हणाले, राहता येते का ते पाहाले जरा बसा लागते. बसले. मग लोडाला टेकले. देव सर तर टेकलेच होते. पाच मिनिटांनी सर घोरायला लागले, आणि त्यांचं घोरणं ऐकून हसता हसता साहेबही आडवे झाले. गाढ! अध्यक्ष आणि विद्वान दोघंही शालूताईंच्या तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या घरी झोपावेत तसे झोपले होते.

वनिता माझ्या कानात म्हणाली, “भाऊ, केस गेली.”

गेलीच होती. राहण्यायोग्य नाही असं आता कोणत्या तोंडानं लिहिणार? मी खाली पायरीवर जाऊन बसलो. शालूताई शेजारी येऊन बसल्या. एकदा म्हणाल्या की पावसाळ्यात ताडपत्री लावून भागेल का. दुपार टळत गेली. शेजारच्या गच्चीवर पत्र्याची सावली हळूहळू पुढं सरकत होती.

चारच्या सुमाराला त्या उठल्या, पदर सारखा केला, वर गेल्या आणि दारातून हाक मारली.

“साहेब, चार वाजले.”

साहेब ऑफिसात दचकून उठावं तसे ताडकन उठले. वर लोखंडी अँगल होता. ठण्ण असा आवाज झाला की सगळा पत्रा हलला. त्या आवाजानं देव सर घाबरून उठले, आणि दुसरा ठण्ण झाला.

मी आणि वनिता धावत वर गेलो. समितीचे तीनपैकी दोन सभासद डोकं धरून गादीवर बसले होते. शालूताई वाटीत हळद कालवून घेऊन आल्या. साहेबांनी हळद लावून घेतली, टेंगूळ चाचपून पाहिलं, वर अँगलकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले.

“वही काढा अन् लिहा,” ते म्हणाले. “ज्या जागी माणसाले झोपता येते पण उठता येत नाही, तो माळा.”